टॅलेंट शो जिंकल्यावर पहिलं सिंगल कसं करावं

शो जिंकलेल्या गायकाचा आवाज घराघरांत पोचलेला असतो, पण स्वतःचं म्हणावं असं एकही गाणं त्याच्याकडे नसतं. लोकांनी त्याला इतके आठवडे ऐकलेलं असतं ते दुसऱ्यांच्या गाण्यांत. मी स्टुडिओत गायकांचे आवाज रेकॉर्ड करते आणि अशा नव्या विजेत्यांसोबत काम करायला मला मनापासून आवडतं. सिंगल म्हणजे अल्बमशिवाय एकटंच बाजारात आणलेलं गाणं. ते करताना ज्या क्रमाने मी त्यांना पुढे नेते, तोच इथे मांडते.

सगळ्यात आधी गाणं. घाई इथेच होते. 2002 मध्ये ब्रिटनच्या ‘पॉप आयडॉल’च्या अंतिम फेरीतल्या दोघांकडूनही एकच गाणं आधी गाऊन घेतलं होतं, जो जिंकेल त्याचं बाजारात येणार होतं. विल यंग जिंकला आणि पहिल्याच आठवड्यात 11 लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याच वर्षी अमेरिकेत ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकलेल्या केली क्लार्कसनचं पहिलं सिंगल बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 52व्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर गेलं. म्हणजे विक्रीचं गणित जमतं, यात वाद नाही. पण कोणाच्याही गळ्यात बसावं म्हणून निवडलेलं गाणं नेमकं कोणाच्याच गळ्याचं नसतं. लिओना लुईसने 2006 साली ब्रिटनचाच ‘एक्स फॅक्टर’ हा शो जिंकल्यावर केलीचंच ते गाणं गायलं. पुढच्या गाण्यासाठी मात्र जवळजवळ दहा महिने घेतले. ते आलं ‘ब्लीडिंग लव्ह’, आणि त्याने तिला अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर नेलं. तुमच्या हातात थोडा जरी अधिकार असेल, तर तो गाणं निवडण्यासाठी वापरा. चाल नुसत्या गिटारवर किंवा पेटीवर गाऊन बघा. वाद्यमेळ नसताना जी उभी राहत नाही, ती सोडून द्या.

मग पट्टी. शोमध्ये पट्टी चढी ठेवतात, कारण शेवटच्या सुरावर परीक्षकांनी उभं राहायला हवं असतं. सिंगल लोक इयरफोन लावून, एकटे, पुन्हा पुन्हा ऐकतात. मी मुखडा आणि अंतऱ्याची पहिली ओळ तीन पट्ट्यांत फोनवर गाऊन घेते, समजा पेटीवरच्या काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन. दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकायचं, आणि वरचा सूर लागतो का हे बघायचंच नाही, तो तुम्हाला लागतोच. अंतऱ्यातली सगळ्यात खालची ओळ ऐका. तिथे शब्द भरीव आणि स्पष्ट येत असतील, ती तुमची पट्टी.

रेकॉर्डिंगच्या वेळी स्टेजची सवय मोडावी लागते. तिथला माइक ओठांना टेकवून गातात. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकपासून, म्हणजे बारीक आवाजही टिपणाऱ्या माइकपासून, साधारण एक वीत लांब उभं राहायचं, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे फुंकर अडवणारी जाळी. ओठ सुटल्याचा आवाजसुद्धा त्यात येतो, त्यामुळे जोर लावायची गरजच उरत नाही. अंतरा संपून मुखडा येतो, ती जागा नीट बघा. शोमधून आलेले गायक तिथे मोठा श्वास घेतात आणि मुखडा एकदम अंगावर टाकतात. मी तीच ओळ अर्ध्या आवाजात, समोर एकच माणूस बसलाय असं समजून गायला लावते. आधीचा श्वास कापत नाही. ऐकणाऱ्याला गायक जवळ वाटतो तो त्या श्वासामुळे. हरकती, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, पहिल्या मुखड्यात नकोत. शेवटच्या मुखड्यात एकच घ्या, म्हणजे ती लक्षात राहते.

ओळीओळीने पंच करण्याआधी, म्हणजे तुकडे पुन्हा रेकॉर्ड करून जोडण्याआधी, अख्खं गाणं तीन-चार वेळा सलग गा. भाव त्या सलग गाण्यात सापडतो. सूर सॉफ्टवेअरने दुरुस्त होतो, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सपाट करू देऊ नका.

करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. मास्टर (गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग) कोणाच्या मालकीचा, पुढच्या किती गाण्यांवर कंपनीचा हक्क, मॅनेजमेंटचा वाटा किती, हे तीन प्रश्न विचाराच. गाण्यात तुमचे शब्द किंवा चाल असेल तर कोणाचा वाटा किती, ते गाणं तयार होईल त्याच दिवशी लिहून घ्या. नंतर हा विषय काढणं फार जड जातं.

रिलीजचं थोडक्यात सांगते. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं गेलं तरच स्ट्रीम मोजला जातो, म्हणून लांबलचक सुरुवात कापा आणि आवाज लवकर आणा. संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणं किमान सात दिवस आधी पाठवा. मास्टर उगाच कर्कश करू नका. तिथे आवाजाची पातळी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणलीच जाते.

मास्टर मंजूर झाला की आवाजाशिवायचा ट्रॅकही लगेच मागून घ्या, आणि तो एक सूर चढवलेलाही घ्या. रिलीजनंतर कार्यक्रमांची बोलावणी येतात, आणि स्टेजवर ती चढी पट्टी पुन्हा लागते.