हौसेच्या वेबसाइटवर जुन्या कविता, गाणी, लेख टाकण्याआधी कॉपीराइट असा तपासा

‘आम्ही कुठे पैसे कमावतो? मग कसला कॉपीराइट?’ मराठी साहित्याच्या प्रेमापोटी वेबसाइट चालवणाऱ्या बहुतेकांकडून हे वाक्य मी ऐकलं आहे. ते चुकीचं आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विनामूल्य वेबसाइटला सरसकट सूट देणारं एकही कलम नाही. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्यातल्या नफ्यासाठी केलं नसेल, तर न्यायालय खास कारणं नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकतं. हौशी माणसाला मिळणारी सवलत ती एवढीच.

‘सर्व हक्क मूळ लेखकाचे, हरकत असल्यास काढून टाकू’ ही तळटीपही बिनकामाची आहे. हक्क दुसऱ्याचे आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं, असा लेखी पुरावा तुम्हीच त्यातून देता. असली तळटीप आधी काढून टाका आणि पुढची कामं करा.

पहिलं काम: यादी

प्रत्येक मजकुरापुढे लेखक, त्याचं मृत्युवर्ष, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, प्रकाशक आणि तुम्ही ज्यावरून टंकलं ती आवृत्ती लिहून ठेवा.

दुसरं काम: मुदत मोजणं

साहित्य, संगीत आणि चित्र यांचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं राहतो. पन्नास वर्षं सांगणारे लेख अजून फिरतात. ते १९९२ च्या दुरुस्तीआधीचे, किंवा त्यांवरून उतरवलेले. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं, आणि त्याच वेळी मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली.

म्हणजे केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), गडकरी (१९१९) यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या साहित्याबद्दल शंकाच नको. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा त्यांचं १ जानेवारी २०११ पासून मोकळं. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचं २०१७ पासून. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावं लागेल. गदिमा (१९७७) तर २०३८ पर्यंत बंद.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं, म्हणून त्या कविता २०१२ अखेर मोकळ्या झाल्या. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना अत्र्यांची आहे, आणि ती अजून मोकळी नाही. कविता टाका, प्रस्तावना टाकू नका. संतसाहित्यातही हेच पाहायचं: ज्ञानेश्वरीची ओवी कोणाच्या मालकीची नाही, पण तिच्याखाली छापलेला आजच्या अभ्यासकाचा अर्थ आणि टिपा त्याच्या मालकीच्या आहेत.

गाण्यात तीन हक्क वेगवेगळे चालतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून १९५५ ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी झाली, तरी तीवरचे शब्द गदिमांचे आणि चाल सुधीर फडक्यांची (निधन २००२) असेल, तर ती तबकडी वेबसाइटवर चढवता येत नाही. ‘साठ वर्षांपूर्वीचं गाणं आहे, चालतं’ हा सल्ला देणारा यातला एकच हक्क पाहत असतो.

परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून वेबसाइट चालवणाऱ्या मराठी मंडळींनी आणखी एक गोष्ट तपासावी. जे भारतीय साहित्य १ जानेवारी १९९६ रोजी भारतात कॉपीराइटखाली होतं, त्याला अमेरिकेत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण मिळतं. मर्ढेकरांचा १९४७ चा संग्रह भारतात मोकळा आहे; अमेरिकेत तो २०४२ अखेरपर्यंत नाही.

तिसरं काम: परवानगी, आणि ती नेमकी कोणाची

सगळ्यात अवघड टप्पा हा. माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला आणि आजही जातो. ‘आमची काही हरकत नाही’ म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. तसं म्हणण्याचा अधिकार असलेलं माणूस शोधावं लागतं.

समजा, १९७० च्या सुमाराच्या दिवाळी अंकातली एक कथा तुम्हाला हवी आहे. लेखक आता हयात नाहीत. अंकाचे जुने संपादक फोनवर म्हणतात, ‘खुशाल टाका.’ तेवढ्यावर टाकू नका. बाहेरच्या लेखकाने कथा दिली आणि मानधन घेतलं म्हणून कथेचा कॉपीराइट अंकाकडे जात नाही. त्यासाठी लेखकाच्या सहीचा लेखी करार लागतो. लेखक नियतकालिकाचा पगारी नोकर असेल, तरी वेगळा करार नसल्यास मालकाला नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मिळतो, बाकीचा लेखकाकडेच राहतो. संपादक सज्जन असतात, मनापासून होकार देतात, पण बहुतेक वेळा तो त्यांनी द्यायचाच नसतो. त्यांच्याकडून लेखकाच्या घरचा पत्ता मिळवा. तो त्यांच्याकडे हमखास असतो.

पुस्तकाचं असेल तर श्रेयपान उघडा आणि ‘सर्वाधिकार’ किंवा कॉपीराइटच्या खुणेपुढे कोणाचं नाव आहे ते वाचा. मराठी पुस्तकांत तिथे बरेचदा लेखकाच्या पत्नीचं नाव असतं, आणि ते शोभेसाठी घातलेलं नसतं. प्रकाशकाचं नाव असेल तर कराराची मुदत विचारा. १९९४ च्या दुरुस्तीनंतरच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात; पुढे हक्क लेखकाकडे किंवा वारसांकडे परत येतात. प्रकाशक करार दाखवायला तयार नसेल, तर मी प्रकाशक आणि वारस दोघांकडून लेखी होकार घेतो. वेळ लागतो, पण पुढे कोणी दारात उभं राहत नाही.

आता वारस. कॉपीराइट ही मालमत्ता आहे. घर-जमिनीप्रमाणे ती मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने जाते. थोरल्या मुलाने हो म्हटलं म्हणजे साऱ्या घराने म्हटलं असं धरू नका. एका सहहक्कदाराने इतरांना न विचारता परवाना देऊ नये, अशीच मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका आहे. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘मृत्युपत्र होतं का? अजून कोणाला विचारावं लागेल?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण हक्क मुलीच्या, पुतण्याच्या किंवा एखाद्या संस्थेच्या नावे ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि घरातल्या इतरांना ते नीट माहीतही नव्हतं.

परवाना लेखीच हवा. कायद्याचं म्हणणं तसं आहे. फोनवर ‘अहो, टाका की’ असा होकार आला, तर त्याच दिवशी ईमेल पाठवा आणि उत्तर मागवा. माझं पत्र साधारण असं असतं:

‘आदरणीय ताई, काल फोनवर बोललो त्याप्रमाणे, आपल्या वडिलांच्या सोबत जोडलेल्या यादीतल्या कविता माझ्या वेबसाइटवर वाचनासाठी ठेवण्याची परवानगी मागत आहे. वेबसाइट विनामूल्य आहे, तिच्यावर जाहिराती नाहीत आणि देणग्या घेतल्या जात नाहीत. प्रत्येक कवितेखाली कवीचं नाव, संग्रहाचं नाव आणि ‘कुटुंबीयांच्या परवानगीने’ असा उल्लेख राहील. पुस्तक किंवा ध्वनिमुद्रण काढण्याचा हक्क मी मागत नाही. आपण कळवल्यास सात दिवसांत कविता काढून टाकेन. आपल्याखेरीज इतर वारस असल्यास त्यांचीही संमती मिळवून द्यावी, ही विनंती.’

यादी जोडाच. ‘सगळं साहित्य’ असं मोघम मागितलं की घरातली माणसं बिचकतात आणि नकार देतात. बारा कवितांची नावं दिली की बहुधा होकार येतो. पुढे कधी जाहिराती घ्यायच्या ठरल्या तर पुन्हा विचारावं लागेल, कारण परवानगी तुम्ही जाहिराती नाहीत असं सांगून मिळवली आहे.

वारस सापडतच नसतील, तर कलम ३१-ए खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. एका कवितेसाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. उत्तर न आलेलं पत्र म्हणजे परवानगी नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा.

चौथं काम: नकार आला तर

कवितेवर स्वतः लिहा. समीक्षेसाठी आवश्यक तेवढ्या ओळी श्रेय देऊन उद्धृत करायला कलम ५२ मोकळीक देतं. ‘दहा टक्के चालतात’, ‘तीस सेकंद चालतात’ असले आकडे कायद्यात कुठेही नाहीत. तुमचं विवेचन किती आणि उतारा किती, हे पाहिलं जातं. वर दोन ओळींची ओळख आणि खाली अख्खी कविता याला समीक्षा म्हणत नाहीत. पुस्तकाची सूची, प्रकाशनवर्षं, कवीचं चरित्र ही माहिती आहे, आणि माहितीवर कोणाचा कॉपीराइट नसतो. ती स्वतःच्या शब्दांत हवी तेवढी लिहा.

पाचवं काम: फोटो

इंटरनेटवर सापडलेला कवीचा फोटो लावू नका. हक्क बहुधा छायाचित्रकाराचा असतो, किंवा पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल तर ज्याने काढवून घेतला त्याचा. परवानगी मागताना घरच्या अल्बममधला एखादा फोटोही मागा.

शेवटचं काम: नाव, पाठ आणि तक्रारी

मोकळ्या झालेल्या साहित्यातही कडवी गाळू नका, शब्द ‘सुधारू’ नका, कवीचं नाव वगळू नका. कलम ५७ मधले लेखकाचे विशेष हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहेत आणि वारसांना ते बजावता येतात.

वेबसाइटवर तुमचा चालू ईमेल पत्ता ठळक द्या. तक्रार आली की मजकूर त्याच दिवशी लपवा, मग यादी आणि पत्रव्यवहार उघडून तपासा. मुदत संपलेली असेल, तर मृत्युवर्ष आणि प्रकाशनवर्ष देऊन नम्रपणे उत्तर लिहा आणि मजकूर परत लावा. मुदत चालू असेल आणि परवानगीचा कागद नसेल, तर मजकूर कायमचा काढा आणि तसं तक्रारदाराला कळवा. वकिलाची नोटीस आली असेल, तर स्वतः उत्तर लिहू नका; आपला वकील गाठा आणि सगळे कागद त्याच्यासमोर ठेवा.