ऑपरेटरचा इंटरव्ह्यू घेताना माणूस कसा ओळखायचा

भोसरीत माझं छोटं मशिन शॉप आहे. सहा सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारे), दोन व्हीएमसी (तशाच उभ्या मिलिंग मशिन), दोन शिफ्ट. सोळा वर्षांत ऑपरेटर, क्वालिटीची पोरं, स्टोअरवाले धरून तीनशेच्या वर इंटरव्ह्यू तरी घेतले असतील. काम येतं का नाही हे कळायला अर्धा तास मशिनवर उभं केलं की पुरतं, अडतं ते दुसरीकडेच. रात्री दोन वाजता मी घरी झोपलेलो असताना ह्याच्या हातून वीस पीस गेले, म्हणजे माप चुकून वाया गेले, तर सकाळी हा मला सांगणार, का चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत तळाला दाबून ठेवणार? माझ्या धंद्यात कॅरेक्टर म्हणजे एवढंच. तुमच्याकडे गल्ल्यावर बसणारा माणूस असेल, पेशंट सांभाळणारा असेल, तर तुमचा प्रश्न वेगळा असेल, पण तो आधी एका वाक्यात लिहून काढा. नुसतं "माणूस चांगला पाहिजे" म्हणून बसलात तर गोड बोलणारा निवडाल, मी तीन वेळा निवडलाय.

आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे सल्ले कृपा करून सोडा. डोळ्यात डोळे घालून बोलतो का बघा म्हणे. अहो लातूर-नांदेडकडून आलेलं बावीस वर्षांचं पोरगं मालकासमोर मान खाली घालूनच बोलणार, त्याला घरी तेच शिकवलंय. चहाचा कप स्वतः उचलून ठेवतो का बघा, टेबलाखाली पाचशेची नोट टाकून ठेवा आणि परत देतो का बघा, हे तर अजूनच भारी. ज्याला नोकरी पाहिजे तो इंटरव्ह्यूच्या दिवशी नोट परत देणारच की! आणि सापळा लावलाय हे त्याच्या लक्षात आलं तर तुमच्याबद्दल काय मत होईल त्याचं? माझी मुलगी सायकॉलॉजी शिकते, तिने मला दाखवलं, २००६ साली बाँड आणि डिपॉलो ह्या दोघांनी खोटं ओळखण्यावरचे ढीगभर प्रयोग एकत्र करून बघितले, तर समोरचा खरं बोलतोय का खोटं हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर सांगतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. त्यामुळे "मी चेहरा बघून माणूस ओळखतो" म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

१. कागद

आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार, आणि उमंग अ‍ॅपवर पीएफची सर्व्हिस हिस्ट्री त्यालाच उघडून दाखवायला सांगा. मध्ये गॅप दिसला म्हणून लगेच खोटारडा ठरवू नका, बऱ्याच छोट्या शॉपमध्ये पीएफ भरतच नाहीत. ओरिजिनल कागद ठेवून घेऊ नका.

२. बसवणं

पाणी द्या, फोन सायलेंटवर टाका, आणि खोलीत दुसरा एक माणूस ठेवा. माझ्याकडे आमचे जुने फोरमन बसतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते काही बोलत नाहीत, उमेदवार जे शब्द वापरतो तेच वहीत उतरवतात. सगळ्यांना तेच चार-पाच प्रश्न, त्याच क्रमाने, नाहीतर संध्याकाळी कोणाची कोणाशी तुलना करायची तेच कळत नाही.

३. चुकीचा प्रश्न

म्हणजे चुकीबद्दलचा प्रश्न. सगळं इथे आहे आणि इथेच मी पाच-सहा वर्षं धडपडलो.

आधी मी विचारायचो, तुझी कमजोरी काय? उत्तर ठरलेलं, "सर मी काम परफेक्ट झाल्याशिवाय सोडत नाही." मग विचारायला लागलो, कधी चूक झाली का? "नाही सर, आत्तापर्यंत तरी नाही." आणि मी खूश, काय चांगला ऑपरेटर मिळाला! त्यातल्याच एकाने चार महिन्यांनी एका बुशचे १४० पीस घालवले आणि निम्मे ट्रॉलीत दाबले. कळलं कधी, तर भंगारवाला ट्रॉली उपसत होता तेव्हा. उरलेले निम्मे कस्टमरकडे जाऊन पोचले होते, त्याचं पुढे काय झालं ते लिहीत नाही, अजून पोटात गोळा येतो.

नंतर डोक्यात प्रकाश पडला की दोष प्रश्नाचाच होता. आपल्याकडच्या बऱ्याच शॉपमध्ये चूक कबूल केली की पगार कापतात, सगळ्यांसमोर आई-बहीण काढतात. असल्या ठिकाणी पाच वर्षं काढून आलेला पोरगा पहिल्या भेटीत परक्या मालकाला चूक का सांगेल? म्हणून आता आधी मी माझी सांगतो. मी ऑपरेटर असताना २५ एच७ चा बोर (भोक) होता, म्हणजे वरची मर्यादा २५.०२१ मिलिमीटर. इन्सर्ट (टूलची कापणारी टीप) बदलला आणि जुना वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेसाठी मशिनमध्ये भरलेला आकडा, शून्य करायला विसरलो. नो-गो गेज, जो आत जायलाच नको, तो सरळ आत गेला तेव्हा अकरा पीस झालेले होते. बोर लहान असला तर परत मारता येतो, मोठा झाला की भंगार. आणि ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं, रात्रभर झोप नव्हती. एवढं बोलून मग विचारतो, "तुझा असा एखादा किस्सा सांग, ज्यात चूक तुझीच होती."

आणि मग गप्प बसायचं. मला हे सगळ्यात अवघड गेलं. समोरचा अडखळला की आपल्याला राहवत नाही, आपणच बोलतो, "म्हणजे मग तू सुपरवायझरला सांगितलं असशील ना?" तो म्हणतो, "हो सर." झालं! उत्तर तुम्हीच दिलंत, त्याने फक्त मान हलवली. मामांनी मला एकदा वही दाखवली, अर्ध्या तासात मीच बावीस मिनिटं बोललो होतो. तेव्हापासून प्रश्न विचारला की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावतो, म्हणजे बोलता येत नाही.

किस्सा आला की खाली उतरायचं. शिफ्ट कुठली होती, जॉब कुठला, कितव्या पीसला लक्षात आलं, कशावर मोजलंस, पहिल्यांदा कोणाला सांगितलंस, तो काय म्हणाला, मग त्या पीसचं काय केलं. खरोखर त्यातून गेलेला माणूस सांगता सांगता नको त्या गोष्टीही सांगतो, की लाइट गेली होती, की त्याच दिवशी बहिणीचा साखरपुडा होता. रचलेला किस्सा तिसऱ्या प्रश्नाला पातळ व्हायला लागतो. पण आकडा आठवत नाही म्हणजे खोटं असं समजू नका, सहा वर्षांपूर्वीचे पीस मलाही आठवत नाहीत. "कोणाला सांगितलं" हे मात्र सहसा विसरत नाही माणूस, कारण सांगताना घाम फुटलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुठल्या सल्ल्यात सापडलेलं नाही. आपण मराठीत बोलतोच असं की चूक आपोआप होते. टूल तुटलं. पीस गेले. ऑफसेट चुकला. घरी पोरगंसुद्धा "कप फुटला" म्हणतं, "मी फोडला" कोण म्हणतं? हिंदी बोलणारी पोरं "हो गया सर" म्हणतात, तेच ते. त्यामुळे पहिल्या वाक्यावरून काहीही ठरवू नका. तुम्ही शांतपणे एकच विचारा, आवाज न चढवता, "ऑफसेट कोणी मारला होता?" आणि आता ऐका. "मीच मारला होता, इन्सर्ट बदलून घाईत होतो" असं आलं तर माझं अर्धं काम झालं. "मारला मीच, पण आधीच्या शिफ्टवाल्याने लिहून ठेवलं नव्हतं" हेही चालतं, बऱ्याचदा तेच खरं असतं, शिफ्ट बदलताना वही कोण लिहितं आपल्याकडे. पण दोनदा विचारूनही त्या मशिनसमोर कोणी उभंच नव्हतं असं वाटायला लागलं, प्रोग्राम खराब, मटेरियल खराब, क्वालिटीवाला झोपलेला आणि हा स्वतः गोष्टीत कुठेच नाही, तर मी तिथे थांबतो. मशिनवर हात कितीही चांगला असू दे.

ह्यातही मी एकदा फसलोय, उलट्या बाजूने. एक पोरगा इतका अडखळत होता, दोन-दोन मिनिटं काही बोलेना, मी वैतागून सोडून दिला. शेजारच्या शॉपने घेतला. आज तो तिथला सुपरवायझर आहे आणि त्यांचं रिजेक्शन माझ्यापेक्षा कमी आहे. मामांच्या वहीत त्याचं वाक्य होतं, "माझ्यामुळे गेले ते पीस." मी ऐकलंच नव्हतं.

आधीच्या मालकाला नावं ठेवतो म्हणून नापास करा, हा आणखी एक सल्ला. मी करत नाही. तीन महिने पगार थकवणाऱ्या मालकाबद्दल माणसाने काय आरती म्हणायची? फक्त चार कंपन्या झाल्या आणि चारही ठिकाणचे लोक नालायकच निघाले असतील तर जरा थांबून विचार करतो.

४. काय विचारायचं नाही

लग्न कधी, मूल कधी, जात, धर्म. आणि आपल्याकडचं ते गोडीगुलाबीचं "कुठले पाटील तुम्ही?" पण नाही. सगळ्यांना माहितीये तो प्रश्न कशाचा असतो. रात्री दोन वाजताच्या पीसशी त्याचा काही संबंध नाही.

५. फोन

सध्या जिथे कामाला आहे तिथे त्याला न विचारता फोन करू नका, त्याची असलेली नोकरी जाईल. त्याच्या आधीच्या कंपनीत करा, एचआरला नको, ते फक्त तारखा सांगतात. ज्याच्या हाताखाली काम केलं त्या सुपरवायझरचा नंबर उमेदवाराकडूनच घ्या आणि एकच विचारा, "जागा असती तर परत घेतला असता का?" लगेच "हो" आलं तर ठीक. "तसा चांगला आहे हो..." आणि पुढे शांतता, तर त्या शांततेला अजून दोन मिनिटं द्या. चूक त्याने सांगितली ती तशीच घडली होती का, हेही विचारा.

स्टोअरला किंवा कॅशला माणूस घेत असाल तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा, ऑनलाइन अर्ज करता येतो, फी तुम्ही भरा. त्यावरून गुन्हा दाखल आहे का एवढंच कळतं.

६. मशिन

अर्धा तास, एक ड्रॉइंग, एक पीस. पीस झाला की त्यालाच विचारा, कसा आलाय? गेज लावण्याआधी "ओके आहे सर" म्हणणारे खूप भेटतात.

७. उत्तर

नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करून सांगा. पोरं नाइट मारून, न झोपता, चाकणहून दोन बस बदलून आलेली असतात आणि मग आठवडाभर फोनकडे बघत बसतात. हो म्हणायचं असेल तर पगार, ओव्हरटाइमचा रेट आणि पीएफ कागदावर लिहून द्या, आणि चूक सांगितली तर पगार कापणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्या शिफ्टसमोर बोला. मी बोलतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी सकाळी सात वाजता हातात चार पीस घेऊन माझ्या केबिनबाहेर उभा असतो, आणि तेव्हा तोंडात आलेली शिवी गिळायची असते.