अंडाशयाची स्लाइड वाचताना

स्लाइड लावली की विद्यार्थी थेट ४० च्या भिंगावर जातात. मी त्यांना थांबवते. आधी १० चं भिंग लावा आणि कडेकडेने फिरा.

कडेला छोट्या फॉलिकल्सचा पुंजका दिसेल: मध्ये अंडपेशी, भोवती चपट्या पेशींचा एकच थर. ही अंडपेशी त्या बाईच्या जन्माआधीपासून अर्धसूत्री (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या) विभाजनाच्या पहिल्याच टप्प्यात थांबलेली असते. हे सांगताना दर वेळी माझा आवाज हळू होतो.

चपट्या पेशी घनाकार झाल्या, की फॉलिकल जागं झालं म्हणायचं. आता ४० वर या, थर मोजा. ग्रॅन्युलोसा पेशींत, म्हणजे अंडपेशीभोवतालच्या याच पेशींत, गुणसूत्रांच्या गडद, विस्कटलेल्या कडा दिसल्या तर ते सूत्री विभाजन, पेशीचं साधं दुभागणं. काळे, गुळगुळीत, गोळीसारखे आकसलेले ठिपके मात्र मरणाऱ्या पेशींचे. ते विभाजनात मोजू नका. द्रवाने भरलेली पोकळी दिसली, तर फॉलिकल एफएसएच संप्रेरकाच्या जोरावर वाढतंय.

गल्लत होते ती पुढे. एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट आली, की ग्रॅन्युलोसा पेशी विभागणं थांबवतात. अंडपेशी मात्र नेमकी तेव्हाच पुन्हा चालू लागते. पहिलं ध्रुवपिंड (जादा गुणसूत्रांची छोटी पेशी) बाहेर टाकते आणि दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत परत थांबते. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी अंडमोचन, म्हणजे अंडपेशी फॉलिकलबाहेर पडते. उरलेलं विभाजन शुक्राणू आत शिरला तरच.

त्यानंतर रिकामं फॉलिकल शोधत बसू नका. मागे राहिलेल्या पेशी फुगून, मेदबिंदूंनी भरून पीतपिंड बनवतात.