वस्तऱ्याने दाढी करताय? मग मान जळू नये म्हणून एवढं करा

वस्तरा हातात घेतला की सगळे कापायला घाबरतात, पण कापलं तर दोन मिनिटांत रक्त थांबतं, खरा वैताग मानेवरच्या लाल पुरळाचा आणि दिवसभर होणाऱ्या आगीचा. ती आग होते दाब दिल्यामुळे आणि पहिल्याच फेरीत गाल गुळगुळीत करायच्या हट्टामुळे.

आधी कोरड्या दाढीवरून बोटं फिरवून बघा, जिकडे बोट सहज सरकतं ती सुलटी बाजू, अडतं ती उलटी. गालावर केस साधारण खालीच वाढतात पण मानेवर आडवे, तिरपे, काहींना तर चक्क भोवराच असतो, त्यामुळे मान नीट बघून ठेवा.

अख्ख्या पात्याचा वस्तरा असेल तर चामड्याच्या पट्ट्यावर ३०-४० वेळा फिरवायचा, पाठ पुढे आणि धार मागे, उलटवताना पाठीवरूनच उलटवा. पट्टा ताणलेला हवा, ढिला राहिला तर धार गोल होते. सलूनसारखा अर्ध्या ब्लेडचा असेल तर पट्टा लागत नाही, दर वेळी नवीन ब्लेड टाका, पण तो जास्त बोचरा असतो, हात अजून हलका ठेवा. आणि ब्लेड असो की वस्तरा, दुसऱ्याचा वापरलेला अजिबात नको, हेपटायटिस बी-सी रक्तातून पसरतात.

दाढी आंघोळीनंतरच करा, केस भिजून मऊ झालेले असतात. ब्रशने गोल गोल फिरवत दाट, ओला फेस करा, तो वाळला तर पुन्हा लावायचा, वाळक्या फेसावर वस्तरा ओढला की झालंच काम.

आता मुख्य गोष्ट. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरा, वस्तऱ्याची पाठ कातडीपासून साधारण ३० अंशांवर ठेवा आणि छोटे छोटे हात मारा, वजन वस्तऱ्याचंच, तुमचं नाही. कोन वाढला तर धार खरवडते, फारच कमी झाला तर केस ओढले जातात. सुरुवातीला फक्त गाल करा, हनुवटी आणि मिशीची जागा साध्या रेझरने उरकली तरी कोणी हसत नाही.

पहिली फेरी सुलटीच. थोडे खुंट राहिले तर परत फेस लावून आडवी फेरी. उलटा हात मात्र मानेवर नकोच, विशेषतः केस कुरळे असतील तर, कारण फार खोलवर कापलेला केस वाढताना आत वळतो आणि तिथे फोड येतो. ऑफिसात तुमच्या मानेवरून हात फिरवून बघणार कोण?

मग गार पाणी आणि ओली तुरटी, मिनिटभर ठेवून धुऊन टाका. तुरटी जिथे जास्त झोंबली तिथे तुम्ही दाबलंय, पुढच्या वेळी ती जागा लक्षात ठेवा. स्पिरिटवाला आफ्टरशेव राहू दे, साधं कोरफडीचं जेल पुरे. आग झालीच तर दोन-तीन दिवस दाढीला सुट्टी द्या, आणि वस्तरा पुसून पूर्ण कोरडा करून बाथरूमच्या बाहेर ठेवा, ओलाव्याने गंज धरतो.