जेम्स क्रेगवर जाताय? आधी गोळी

मळमळीची गोळी. ती आधी पर्समध्ये टाका, मग पुढचं वाचा.

मागच्या खेपेला आमची क्रूझ सिडनीला संपली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही 'जेम्स क्रेग' या जुन्या शिडाच्या जहाजावर फेरीला गेलो. १८७४ साली इंग्लंडात संडरलंडला बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं लोखंडी जहाज. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, २३ वेळा वळसा घातलेला आहे त्याने. क्रूझवर आठ दिवस पोटातलं पाणी हललं नव्हतं, म्हणून गोळ्या हॉटेलातल्या बॅगेतच राहिल्या. बंदराच्या तोंडाशी असलेल्या नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांमधून जहाज खुल्या समुद्रात गेलं आणि अर्ध्या तासात मी कठड्याला लटकले. २१ शिडं आहेत त्याला. एकही उघडताना मी धड पाहिलं नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हा 'क्रूझवर काही झालं नाही' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. मोठ्या क्रूझला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, ते जहाजाचं डोलणं दाबून टाकतात. जेम्स क्रेग जेमतेम पंचावन्न मीटरचं, त्याला असलं काही नाही. त्यातून शिडं चढेपर्यंत ते जास्तच हेलकावतं. शिडांत वारा भरला की जरा स्थिरावतं.

तारखा सगळ्यात आधी बघा. हे जहाज रोज निघत नाही. क्रूझ संपते त्याच दिवशीचं बुकिंग करू नका. सामान, इमिग्रेशन, उशीर, सगळं अंगावर येतं. तुमची क्रूझ सिडनीच्या कुठल्या धक्क्याला लागते, सर्क्युलर कीला की व्हाइट बेला, हेही विचारून ठेवा. हार्बर ब्रिजखालून न जाऊ शकणारी उंच जहाजं पुलाच्या अलीकडे, सर्क्युलर कीलाच थांबतात. जेम्स क्रेग मात्र पिरमाँटला, वॉर्फ सेव्हनला, मॅरिटाइम म्युझियमच्या शेजारी असतं.

गोळी कोणती, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बीपीची किंवा इतर औषधं चालू असतील तर नक्कीच. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. आणि त्या दिवशी जहाज सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. उलटी व्हायला लागल्यावर गोळी पोटात टिकतच नाही. शेजारच्या बाईंनी मला दिली होती, ती पाच मिनिटांत समुद्रात गेली.

बूट सपाट, रबरी तळाचे. टोपीला दोरी. सनस्क्रीन. उन्हाळा असला तरी जाकीट न्याच, कारण सिडनीत दक्षिणेचा वारा अचानक सुटतो आणि बघता बघता हुडहुडी भरते. साडी, ओढणी, लांब पट्ट्याची पर्स नको. डेकवर जिकडेतिकडे दोर असतात. सकाळी उपाशी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको.

वर गेल्यावर जहाजाच्या मधोमध जागा धरा, तिथे हेलकावा कमी लागतो. हार्बर ब्रिज आणि ऑपेरा हाउसचे फोटो बंदराच्या आत असतानाच काढून घ्या. बाहेर पडलात की मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर. उलटी आलीच तर वारा पाठीवर घेऊन, खालच्या बाजूच्या कठड्याशी जा.

खलाशांशी बोला. बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. टास्मानियातल्या रिसर्च बेमध्ये चाळीस वर्षं टाकून दिलेला हा सांगाडा १९७२ साली पुन्हा तरंगवला, त्यानंतरची दुरुस्ती कित्येक वर्षं चालली. हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं. मला एक आजोबा सांगत होते आणि मला मान वर करता येत नव्हती. गोळी घेतली असती तर.

परत आल्यावर फार काही नाही. पाणी प्या, जमीन थोडा वेळ हलते. संध्याकाळचं विमान ठेवू नका.

पर्स उघडून बघा. आहे ना गोळी?