मेसोथेलिओमाचं निदान झालं तर मुंबईतल्या कामगाराच्या घरच्यांनी काय करावं

माझे मामा गोदीत लॅगिंगचं काम करायचे. गरम पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची आणि वरून लेप थापायचा. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या छातीत पाणी झालं आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यात सहा महिने गेले. बायोप्सीत मेसोथेलिओमा निघाला, म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा, बहुधा ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा कर्करोग. तोवर काम काय करायचात, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

म्हणून सुरुवात डॉक्टरांपासून करा. हा आजार दिसायला साधारण 20 ते 50 वर्षं लागतात, त्यामुळे जुन्या कामाशी त्याचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. गिरणीच्या बॉयलर खात्यात, रेल्वे वर्कशॉपमध्ये, दारूखान्यातल्या जहाजतोडणीत, ब्रेक लायनर घासण्यात किंवा सिमेंटचे पत्रे कापण्यात आयुष्य गेलं असेल, तर ते स्वतःहून सांगा. कुठे, कोणत्या सालापासून, कोणत्या खात्यात, हे सगळं केसपेपरवर लिहवून घ्या. पुढे भरपाईच्या दाव्यात या दोन ओळींचा फार उपयोग होतो. पाण्यात टीबी सापडत नसेल आणि पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर बायोप्सीबद्दल विचारा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात रिपोर्ट तपासून घेता येतो. बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, जपून ठेवायला सांगा, तो पुन्हा तपासता येतो.

मग नोकरीचे कागद. गिरणी कामगारांच्या बऱ्याच घरांत ते आधीच गोळा झालेले आहेत. म्हाडाच्या घरासाठी ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड, पीएफची पावती, तिकीट नंबर, हजेरी पास शोधून ठेवलेली ती पिशवी काढा, तेच कागद इथेही चालतात. कागद नसतील तर सोबतच्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं घ्या आणि ती लवकर घ्या, कारण तेही आता सत्तरीत आहेत. कारखाना सरकारी किंवा रेल्वेचा असेल तर माहिती अधिकारात नोंदी मागा. खासगी असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं आहे, की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सुटल्यापासून 15 वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवायची. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

आता अर्ज कुठे करायचा ते ठरवा. कामगार ईएसआयमध्ये होता, तर आधी तिकडे जा. ईएसआयचा लाभ मिळणाऱ्याला त्याच आजारासाठी मालकाकडून कामगार भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल तर भरपाई आयुक्तांकडे दावा. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा दोन्ही होते. दाव्याची मुदत 2 वर्षांची होती, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबून राहू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, म्हणून निदानाची तारीख वकिलाला पहिल्यांदा सांगा.

कंत्राटदाराकडे कामाला होते म्हणून हक्क नाही, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. कंत्राटदाराने ज्याचं काम घेतलं, तो मूळ मालकही कायद्यात जबाबदार आहे. भरपाईचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली असली, तरी ती चालत नाही. आणि माणूस गेला असेल तर मालकाने घरी आणून दिलेली रोख रक्कम कायद्याने भरपाई ठरत नाही, ती आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते. दुःखाच्या त्या दिवसांत असल्या कागदांवर घाईने सह्या होतात, तेव्हा घरातल्या एकाने तरी सावध राहावं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो.

जुन्या ओळखपत्रावरचं कंपनीचं नावही नीट वाचा. घाटकोपरच्या हिंदुस्थान फेरोडोचा संबंध टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीशी होता. ती कंपनी 2001 मध्ये आर्थिक संकटात सापडली आणि पुढे ॲस्बेस्टॉसग्रस्तांना भरपाई देण्यासाठी तिथे न्यास निघाला. असं नाव सापडलं तर परदेशातल्या दाव्याबद्दल वकिलाला जरूर विचारा.

शेवटची गोष्ट घरातल्या बायकांची. मामांचे धुळीने माखलेले कपडे मामी रोज हाताने झटकून धुवायच्या. कपड्यांवरून घरात आलेल्या तंतूंनीही हा आजार होतो. मामी कामगार नव्हत्या, त्यामुळे अशांना भरपाई कायद्याचा आधार नाही, दिवाणी दावाच लावावा लागतो. पण धाप लागत असेल, छाती दुखत असेल, तर त्यांच्याही केसपेपरवर नवऱ्याच्या कामाची नोंद करून घ्या.