चाळीस वर्षांवरील गाडीसाठी एमओटी तपासणीतून सूट कशी घ्यावी

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे की नाही, हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीतून पूर्वी केवळ १९६० पूर्वीच्या गाड्यांना सूट होती. २० मे २०१८ पासून ती चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या मोटारी, मोटारसायकली आणि हलक्या व्हॅनना मिळते. अवजड मालवाहू वाहने व प्रवासी बस यांचे नियम वेगळे आहेत.

सर्वप्रथम लॉगबुकातील, म्हणजे व्ही५सी या गाडीच्या नोंदणीपत्रातील, पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी. इथे अनेकांची गफलत होते, कारण एमओटीची चाळीस वर्षे त्या-त्या गाडीच्या तारखेनुसार भरतात, तर रस्ताकरातील सूट वर्षातून एकदाच, १ एप्रिलला पुढे सरकते. जून १९८५ मध्ये बनून नोंदवलेल्या गाडीची एमओटी जून २०२५ मध्ये थांबते. करमाफीसाठी मात्र १ एप्रिल २०२६ उजाडावा लागतो.

खरी कसोटी पुढची आहे. गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेला नसावा. चासी किंवा मोनोकॉक (चासी आणि बॉडी एकसंध असलेला) सांगाडा वेगळ्या घडणीचा बसवणे, तसेच सस्पेन्शन वा स्टिअरिंगची पद्धतच बदलणे, हे मूलभूत बदल ठरतात. मूळ नमुन्याबरहुकूम बनवलेली नवी चासी मात्र चालते. इंजिनाच्या बाबतीत, त्याच मूळ इंजिनाची कमीअधिक क्षमतेची आवृत्ती किंवा त्या मॉडेलला कारखान्यातूनच मिळणारे पर्यायी इंजिन आक्षेपार्ह नाही. सिलिंडरांची संख्या वेगळी असेल, तर शंका घ्यावी. मूळ प्रकारचे सुटे भाग आता मिळत नाहीत म्हणून गाडी जपण्यासाठी केलेले बदल, किंवा सुरक्षितता वाढावी म्हणून ॲक्सल व सस्पेन्शनमध्ये केलेल्या सुधारणा, यांना मुभा आहे. आधीच्या मालकाने काय केले हे ठाऊक नसल्यास जुनी बिले आणि छायाचित्रे गोळा करून क्लासिक गाड्यांच्या जाणकाराचे मत घ्यावे.

एमओटी थांबवण्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. गाडी ‘हिस्टॉरिक’ या जुन्या गाड्यांच्या करमाफीच्या वर्गात नेताना मात्र लॉगबुक आणि व्ही११२ हे एमओटीतून सूट असल्याचे घोषणापत्र घेऊन वाहनकर स्वीकारणाऱ्या पोस्ट ऑफिसात जावे. कराची रक्कम शून्य झाली, तरी दरवर्षी कर ‘भरण्याची’ औपचारिकता सुटत नाही, हे थोडे गमतीचे वाटले तरी पाळावेच लागते. घोषणा तुम्ही स्वतः करता, त्यामुळे तिच्या खरेपणाची जबाबदारीही तुमचीच असते.

सूट तपासणीपुरती आहे. धोकादायक अवस्थेतील गाडी चालवल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड, परवान्यावर तीन दंडगुण आणि प्रसंगी वाहन चालवण्यावर बंदी होऊ शकते. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा शिरतो आणि नक्षी शाबूत असलेल्या टायरलाही बाजूने भेगा पडतात. म्हणूनच सूट असूनही दरवर्षी स्वेच्छेने एमओटी करून घेणे मला शहाणपणाचे वाटते. मोटारीसाठी तिचे कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे.